यकृतापर्यंत पोहोचलेला स्तनाचा कर्करोग : आयुर्मान कशावर अवलंबून असते?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी असा गंभीर विषय कशासाठी, हा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या संस्थेने पन्नास वर्षे समाजाच्या सुखदुःखात सहभाग घेतला, तिच्या व्यासपीठावर दुःखाविषयीही मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. स्तनाचा कर्करोग हे असे दुःख आहे की, ते अनेक घरांत आले, पण फार थोड्या घरांत त्याचा उच्चार झाला. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज हाच आहे.

या आजारात एक क्षण विशेष कसोटीचा असतो. सोनोग्राफीचा किंवा स्कॅनचा अहवाल हाती येतो आणि त्यात लिहिलेले असते की, रोग यकृतात पसरला आहे. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात घरातील कर्ता पुरुष डॉक्टरांना बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारतो, 'किती दिवस?' डॉक्टर एक आकडा सांगत नाहीत. कुटुंबाला वाटते, ते टाळाटाळ करीत आहेत. वस्तुतः ते प्रामाणिक असतात. या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. एकाच दिवशी सारखाच अहवाल मिळालेल्या दोन भगिनींपैकी एक काही महिन्यांत निघून जाते आणि दुसरी पाच वर्षांनंतर नातवाच्या मुंजीला किंवा विवाहाला उपस्थित असते. हा फरक कशामुळे पडतो आणि त्यातील कोणती गोष्ट कुटुंबाच्या व समाजाच्या हाती आहे, हे समजून घेणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्तनातून यकृतात गेलेला रोग म्हणजे यकृताचा कर्करोग नव्हे. त्या पेशी स्तनाच्याच असतात. रक्तप्रवाहातून त्या यकृतात येऊन रुजलेल्या असतात. म्हणून औषधेही स्तनाच्या कर्करोगाचीच द्यावी लागतात. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी अभ्यासल्या. त्यांपैकी २४१ जणींच्या यकृतात रोग पोहोचलेला होता, प्लीहेत मात्र केवळ १७ जणींच्या. यावरून त्यांनी मांडले की, रोगाच्या पेशी बियाण्यासारख्या सर्वत्र विखुरतात, पण रुजतात तेथेच जेथे जमीन त्यांना मानवते. खानदेशातील श्रोत्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही. एकाच थैलीतील सरकी काळ्या कसदार जमिनीत एक रूप घेते आणि मुरमाड बरड्यावर दुसरे. यकृत ही रक्ताने समृद्ध अशी जमीन आहे. तेव्हा रुग्णाचे आयुर्मान समजून घ्यायचे तर बियाणे कोणते, ते रुजायला किती काळ लागला, किती क्षेत्र व्यापले गेले, जमिनीचा कस किती उरला आणि मशागत किती नेटाने झाली, हे पाच प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न बियाण्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. गाठीचा तुकडा काढून म्हणजे बायोप्सी करून तीन चाचण्या केल्या जातात. ईआर व पीआर या चाचण्यांवरून रोग स्त्री-संप्रेरकांवर पोसला जातो किंवा नाही हे कळते. एचईआर-२ या चाचणीवरून त्या नावाचे प्रथिन पेशींवर जास्त प्रमाणात आहे किंवा नाही हे समजते. या तीनही चाचण्या नकारात्मक आल्या, तर त्यास 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. यकृतात पसरलेल्या रोगात ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराची वाटचाल सर्वांत बिकट असते. संप्रेरकांवर पोसल्या जाणाऱ्या आणि एचईआर-२ असलेल्या प्रकारांत आयुष्य लक्षणीयरीत्या अधिक मिळते, कारण त्यांच्यावर नेमका घाव घालणारी औषधे उपलब्ध आहेत.

या औषधांनी किती फरक पडतो याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. एचईआर-२ प्रकारच्या पसरलेल्या रोगावरील 'क्लिओपात्रा' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ट्रॅस्टुझुमॅब व केमोथेरपी यांच्या जोडीला पर्टुझुमॅब दिल्यावर आयुर्मानाचा मध्यक सुमारे ४१ महिन्यांवरून ५७ महिन्यांवर गेला. संप्रेरकांवर पोसल्या जाणाऱ्या रोगात लेट्रोझोलच्या गोळीसोबत रायबोसिक्लिब दिल्यावर हाच मध्यक सुमारे ५१ महिन्यांवरून ६४ महिन्यांवर गेला. मध्यक म्हणजे मुदत नव्हे. निम्म्या स्त्रिया त्यापेक्षा अधिक काळ जगल्या, असा त्याचा अर्थ. या चाचण्यांतील सर्वच स्त्रियांचा रोग यकृतात नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. यकृतात रोग असताना आकडे काहीसे कमी भरतात. पण दिशा तीच राहते.

येथे कुटुंबीयांच्या मनातील एका शंकेचा उल्लेख करणे योग्य ठरेल. यकृतासारख्या महत्त्वाच्या अवयवात रोग गेला असताना डॉक्टर सलाइनमधून औषध न देता केवळ गोळ्या देतात, म्हणजे त्यांनी आशा सोडली, असे अनेकांना वाटते. 'राइट चॉइस' या चाचणीत वेगाने वाढणारा व अवयवांत पसरलेला, पण संप्रेरकांवर पोसला जाणारा रोग असलेल्या २२२ स्त्रिया घेण्यात आल्या होत्या. केमोथेरपीच्या दुहेरी औषधांनी रोग सुमारे १३ महिने आटोक्यात राहिला, तर रायबोसिक्लिब व संप्रेरकविरोधी औषधांनी सुमारे २२ महिने. तेव्हा गोळी म्हणजे दुय्यम उपचार, हा समज सोडून द्यावा.

बियाण्यासंबंधी आणखी एक गोष्ट. पूर्वीच्या गाठीचा प्रकार आणि यकृतातील रोगाचा प्रकार काही रुग्णांत वेगळा निघतो. म्हणून शक्य असेल तेथे यकृतातील गाठीची नव्याने बायोप्सी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. 'सुई लावली की रोग पसरतो' या भीतीने अनेक कुटुंबे तिला नकार देतात. या नकारामुळे योग्य औषधाची संधी हुकू शकते. तसेच रोग ट्रिपल निगेटिव्ह असल्यास किंवा आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कोणाला हा अथवा बीजाशयाचा कर्करोग झाला असल्यास बीआरसीए जनुकांची तपासणी करावी. त्यात दोष आढळल्यास ओलापॅरिबसारखे औषध उपयोगी पडते आणि घरातील इतर लेकीबाळींनाही वेळीच सावध होता येते.

दुसरा प्रश्न काळाचा. पहिल्या उपचारानंतर दोन वर्षांच्या आत रोग यकृतात उगवला तर तो चपळ आणि औषधांना न जुमानणारा असण्याची शक्यता अधिक. पाच, आठ, दहा वर्षांनंतर उगवला तर त्याची चाल बहुधा संथ असते. म्हणजेच 'इतक्या वर्षांनी परत आला' ही जी खंत व्यक्त होते, तिच्यातच वैद्यकीय दृष्टीने एक दिलासा दडलेला असतो. मात्र याच कारणाने 'पाच वर्षे झाली, आता तपासणी नको' असे समजणेही चुकीचे आहे. संप्रेरकांवर पोसला जाणारा रोग दशकानंतरही डोके वर काढतो.

तिसरा प्रश्न व्याप्तीचा. यकृतात एक-दोन गाठी आहेत की दोन्ही भाग भरून गेले आहेत? रोग केवळ यकृतात आहे की फुप्फुसात, हाडांत, मेंदूतही आहे? केवळ यकृतात मर्यादित असलेल्या रोगाचे भवितव्य तुलनेने बरे असते. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रोगाचे सर्वांत कठीण.

याच संदर्भात कुटुंबे हमखास विचारतात, 'मग गाठ कापून का टाकत नाहीत?' या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे काम महाराष्ट्रातच झाले, याचा अभिमान वाटावा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात, प्रथम निदानाच्या वेळीच रोग पसरलेला होता अशा ३५० स्त्रियांचा अभ्यास केला. केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्या जणींच्या स्तनातील गाठीवर शस्त्रक्रिया व किरणोपचार केले, उरलेल्यांवर केले नाहीत. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांचा आयुर्मानाचा मध्यक १९.२ महिने, न झालेल्यांचा २०.५ महिने. म्हणजे रोग पसरल्यावर केवळ आयुष्य वाढावे म्हणून स्तनाची शस्त्रक्रिया करण्याचा लाभ दिसला नाही. गाठ फुटून जखम झाली किंवा रक्तस्राव होऊ लागला तर शस्त्रक्रिया करावी लागते, ती गोष्ट वेगळी. यकृतातील गाठ काढणे किंवा उष्णतेने जाळणे हेही निवडक रुग्णांत, मोजक्या गाठी असताना आणि रोग औषधांनी आटोक्यात असताना केले जाते. परंतु तो सर्वांसाठीचा मार्ग नाही. डॉक्टर शस्त्रक्रियेस नकार देतात तेव्हा त्यामागे उदासीनता नसून असा पुरावा असतो.

चौथा प्रश्न जमिनीचा, म्हणजे यकृताच्या व एकूण शरीराच्या कसाचा. यकृत हा मोठा सोशिक अवयव आहे. बराच भाग व्यापला जाईपर्यंत तो तक्रार करीत नाही. त्यामुळे रक्तातील तपासण्या कधी कधी नॉर्मल असतात आणि तरीही गाठी असतात. बिलिरुबिन वाढणे, अल्ब्युमिन घटणे, पोटात पाणी होणे ही चिन्हे दिसू लागली की औषधांचा पल्ला आखूड होतो, कारण अनेक औषधे शरीरात पचवून निकामी करण्याचे काम यकृतच करते. रुग्ण स्वतःची कामे स्वतः करू शकते की दिवसाचा बराच वेळ अंथरुणात असते, यावरही आयुर्मान मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. वयाच्या आकड्यापेक्षा ही कार्यक्षमता अधिक बोलकी असते.

येथे अत्यंत कळकळीची विनंती आहे. अशा रुग्णाचे डोळे पिवळे दिसले तर काविळीची माळ घालण्यात किंवा गावोगावचे झाडपाल्याचे औषध घेण्यात एक दिवसही दवडू नये. ती साधी कावीळ नसते. त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना कळवावे. 'काढा आहे, अपाय काय होणार?' हा विचारही तपासून पाहावा. कोरोनाच्या काळात, २०२० च्या अखेरीस, मुंबईत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉ. आभा नागराळ व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता. तो वाद तज्ज्ञांचा आहे. परंतु ज्या यकृतात आधीच रोग आहे, त्यावर डॉक्टरांना न सांगता कोणतेही चूर्ण, भस्म वा काढा लादू नये, यावर वाद असण्याचे कारण नाही. केमोथेरपीपूर्वी हिपॅटायटिस-बीची रक्ततपासणीही आवर्जून करून घ्यावी, कारण शरीरात सुप्त असलेला तो विषाणू केमोथेरपीच्या काळात जागा होऊन यकृताला धोका पोहोचवू शकतो.

जमिनीचा कस राखण्याच्या संदर्भात आहाराचा व व्रतांचा विचार ओघानेच येतो. चौविहार, आयंबिल, उपवास हे अनेक भगिनींच्या जीवनाचे आधार आहेत. आजारपणात त्यांची ओढ अधिकच वाढते. परंतु कॅपेसिटाबिनसारखी गोळी दिवसातून दोनदा, सुमारे बारा तासांच्या अंतराने आणि जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या भगिनीने ही गोष्ट लपवून रात्रीची गोळी चुकवण्यापेक्षा आपला दिनक्रम डॉक्टरांना प्रथमच सांगावा. नवकारसीनंतर आणि सायंकाळच्या भोजनानंतर वेळा बसवता येतील का, हे ते ठरवू शकतात. जुलाब किंवा उलट्या होत असताना रात्रभर पाणी वर्ज्य करणे धोक्याचे ठरते. पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत, हे साधु-साध्वीजी भगवंत अधिक अधिकाराने सांगतील. त्यांच्यापुढे रुग्णाची खरी अवस्था मांडली गेली पाहिजे. कंदमूळ न घेताही प्रथिने पुरेशी मिळू शकतात. मुगाची डाळ, मठ, हरभरा, पनीर, दही, शेंगदाणे आपल्या घरी असतातच. भात-वरणाच्या पातळ आहारावर आजारी माणसाला महिनोन्महिने ठेवणे म्हणजे काळजी नव्हे.

पाचवा प्रश्न मशागतीचा. योग्य औषध मिळणे, वेळेवर मिळणे आणि अखंड मिळणे. टाटा रुग्णालयाच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख झाला, त्यात एचईआर-२ प्रकारचा रोग असलेल्या स्त्रियाही होत्या. परंतु ट्रॅस्टुझुमॅबसारखे औषध त्यांपैकी फार थोड्या जणींना मिळू शकले, कारण त्याचा खर्च परवडणारा नव्हता. आज चित्र पालटले आहे. २०१४ मध्ये या औषधाचा भारतीय बनावटीचा पर्याय बाजारात आला. २०१९ मध्ये केंद्र शासनाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली. २०२३ च्या आरंभी पाल्बोसिक्लिबचे पेटंट संपले आणि त्याच्या किमती मोठ्या प्रमाणावर उतरल्या. व्यापारी समाजाला किंमत उतरण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही; येथे मात्र उतरलेली किंमत म्हणजे कोणाच्या तरी आईचे वाढलेले आयुष्य आहे.

शासकीय योजनेचा लाभ घेण्यात संकोच नसावा. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे जिल्हा होता. पुढे ती राज्यभर गेली आणि राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. कोणते उपचार त्यात बसतात हे त्याच्याकडून प्रथमच लेखी समजून घ्यावे. 'समाज काय म्हणेल, आपली पेढी आहे, आपण सरकारी योजनेत कसे जायचे' या विचारापायी सहा महिन्यांत साठवण संपते आणि सातव्या महिन्यात औषध थांबते. जे औषध थांबले, त्याचा उपयोगही थांबला.

अंतराचा प्रश्नही लहान नाही. जळगाव ते मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर. दर तीन आठवड्यांनी रात्रीची गाडी, पहाटे दादर, दिवसभर रांग, पुन्हा रात्रीची गाडी. या प्रवासानेच कित्येक उपचार अर्धवट सुटतात. कर्करुग्णांना रेल्वेभाड्यात सवलत आहे, तिची कागदपत्रे वेळीच करावीत. उपचारांची आखणी मोठ्या केंद्रात करून पुढील सलाइन, रक्ततपासण्या गावाजवळ घेता येतील का, हे संकोच न बाळगता विचारावे. आणि केमोथेरपीच्या काळात १००.४ अंशांपेक्षा अधिक ताप आला तर मुंबईची गाडी पाहत न बसता जळगाव किंवा धुळे येथील जवळच्या रुग्णालयात तत्काळ दाखल व्हावे. त्यासाठी एक स्थानिक डॉक्टर आधीच ठरवून ठेवावा.

आता थोडे मागे वळून पाहू. भारतातील कर्करोग नोंदणी केंद्रांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार रोग स्तनापुरता मर्यादित असताना निदान झालेल्या स्त्रियांपैकी ८१ टक्के पाच वर्षे जगतात; काखेतील गाठींपर्यंत गेला असताना सुमारे ६५ टक्के; आणि दूरच्या अवयवांत पसरलेला असताना केवळ १८ टक्के. यकृतात रोग पोहोचल्यावरच्या सर्व प्रयत्नांपेक्षा, तो तेथे पोहोचण्यापूर्वी बोललेले एक वाक्य अधिक मोलाचे ठरते. मुंबईत १९९८ पासून डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी सुमारे दीड लाख स्त्रियांत केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. शिकवलेले हात आणि बोलण्याचे धैर्य लागले.

हे धैर्य समाजात कमी पडते, हे मान्य केले पाहिजे. मुलीचे लग्न जमेपर्यंत आईने गाठ लपवायची, सुनेच्या आजाराची कुणकुण व्याह्यांना लागू द्यायची नाही, अहवाल रुग्णाला सोडून सर्वांना दाखवायचा, या रीती प्रेमापोटीच आलेल्या आहेत. पण त्यांची किंमत ती भगिनी मोजते. 'पूर्वकर्माचे फळ' असे तिच्या कानावर पडेल अशा रीतीने बोलणे, हा तर तिच्यावर अन्याय आहे. कर्माचा सिद्धान्त स्वतःकडे पाहण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या आजारावर शेरा मारण्यासाठी नव्हे.

आणि सर्व मशागत करूनही काही वेळा पीक हाती येत नाही. तेव्हाही करण्यासारखे पुष्कळ असते. वेदना सहन करणे हे तप नव्हे. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वेदनाशामक मॉर्फिन मिळवणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. वेदनाशमनाचे उपचार अगदी शेवटी नव्हे, तर आरंभापासून मुख्य उपचारांच्या बरोबरीने घ्यावेत. ज्या भगिनीला वेदना नसते, तीच शांत चित्ताने नवकार स्मरू शकते, मुलांशी मनातले बोलू शकते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात या ट्रस्टने फार मोठी वास्तू उभारली नाही तरी चालेल. परंतु तीन साध्या गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक गावात वर्षातून दोनदा महिलांसाठी स्तनतपासणीचे शिबिर भरावे. मुंबईस उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदपत्रांची व निवासाची व्यवस्था पाहणारे दोन कार्यकर्ते, त्यांत एक महिला, नेमले जावेत. आणि औषध मध्येच थांबू नये यासाठी असा एक निधी असावा, ज्यातून मदत घेणाऱ्याचे नाव कोणत्याही अहवालात छापले जाणार नाही.

'किती दिवस?' या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांच्या एकट्याच्या हाती नसते. त्यातील काही भाग रोगाच्या स्वभावात असतो, काही काळाच्या हाती असतो. आणि जो उरतो, तो त्या भगिनीच्या घराच्या आणि समाजाच्या हाती असतो. तेवढा भाग कोणत्याही घराने आणि या समाजाने गमावू नये, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.